आण्णांच्या खुर्चीवर चौघं: संस्थेत सामूहिक नेतृत्व आणायचं तर काय काय करावं लागतं

आलेला प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळची एक संस्था, बावीस वर्षांची. पगारी माणसं २४, वर्षाचा खर्च सव्वा कोटीच्या घरात. कामं तीन: ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी शाळा, महिला बचत गट आणि पुराच्या वेळची मदत. संस्थापकांना सगळे आण्णा म्हणतात. ते ६६ वर्षांचे आहेत आणि मार्चअखेर रोजच्या कामातून बाजूला होणार आहेत. बाहेरून एक नवा संचालक आणण्याऐवजी आतल्याच चौघांनी मिळून संस्था चालवावी असा विचार आहे. हे चालतं का? आणि मार्चच्या आत काय काय करून ठेवावं लागेल? जाता जाता विचारलेला आणखी एक प्रश्न: व्हिजिटिंग कार्डावर काय छापायचं?

चालतं. पण ‘चौघं मिळून बघतील’ एवढ्यावर सोडलंत तर सहा महिन्यांत दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर चौघांतला जो जास्त बोलतो तो नवा आण्णा होतो. नाहीतर चौघंही प्रत्येक बाबतीत एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात आणि साध्या झेरॉक्सच्या बिलाला आठवडा लागतो. यातला पहिला प्रकार जास्त वाईट. जुन्या आण्णांना निदान ‘तुम्ही असं का केलंत’ म्हणून विचारता तरी येत होतं. नव्याचं नावच कुठल्या कागदावर नसतं, मग विचारणार कुणाला?

म्हणून पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा: चौघांचं नेतृत्व असलं तरी प्रत्येक निर्णयाला मालक एकच हवा. कुठला निर्णय कुणाचा हे चौघांनी मिळून ठरवायचं, आणि एकाचा निर्णय चुकला तर चौघांनी मिळून निस्तरायचा. सामूहिक म्हणतात ते एवढ्यालाच. खाली जे लिहिलं आहे ते सगळं यातूनच निघतं.

आपल्याकडं सामूहिक नेतृत्व म्हटलं की डोळ्यासमोर सर्वपक्षीय कृती समिती येते, आणि त्यात नवल नाही. कोल्हापूर शहरातल्या टोलविरोधात प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यापासून पेठापेठांतल्या तालमींपर्यंत सगळे एका मांडवात बसले आणि २०१५ च्या अखेरीस शासनाला टोल रद्द करावा लागला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतले वकील वर्षानुवर्षं एकत्र राहिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. पण कृती समितीची मागणी एकच असते, तिला पगार वाटायचे नसतात, ऑडिट नसतं, आणि मागणी मान्य झाली की ती उठते. दर महिन्याच्या सात तारखेला २४ जणांचे पगार काढायचे असले की तो साचा उपयोगी पडत नाही. दुसरी सवय याहून घातक: पद वाटून घेणं. पहिलं सव्वा वर्ष तुमचं, पुढचं सव्वा आमचं. स्थानिक राजकारणात हे इतकं मुरलंय की संस्थांतही लोक सहज सुचवतात, ‘चौघं आळीपाळीने प्रमुख होऊ या.’ तसं करू नका. मिळालेल्या वर्षात माणूस लांबचं काही हातात घेत नाही, आणि बाकीचे तिघं आपल्या पाळीची वाट बघत बसतात.

आता कामाचं. चार आठवडे एक वही ठेवा. आण्णांकडे रोज जे जे विचारायला येतं ते तारखेसह त्यात लिहायचं: कोणी विचारलं, काय विचारलं, आण्णा काय म्हणाले. फोनवरचंही लिहायचं, आणि जिन्यात भेटल्यावर विचारलेलं तर नक्कीच. एवढ्या संस्थेत साठ-सत्तर ओळी सहज होतात. मग चौघांनी बसून प्रत्येक ओळीपुढं एकच प्रश्न टाकायचा: उद्या हे कुणी ठरवायचं? ओळींचे ढीग आपोआप पडतात. निम्म्याहून जास्त बाबी अशा निघतात की त्या आण्णांपर्यंत जायलाच नको होत्या. त्या त्या कामाच्या माणसानं तिथल्या तिथं ठरवायच्या होत्या. रजा, गाडी कुठं जाणार, शाळेच्या तळावर खाऊ काय द्यायचा, गटाच्या बैठकीची वेळ. यातून हलकं होणारं ओझं बघितलं की चौघांनाच धीर येतो.

उरलेल्यांची निर्णय-यादी करा. एका ओळीत चार रकाने: निर्णय, मालक, ठरवण्याआधी कुणाचा सल्ला घेणं बंधनकारक, ठरल्यावर कुणाला कळवायचं. एक ओळ नमुन्याला बघा. निर्णय: हंगामी शाळेसाठी शिक्षिका नेमणं. मालक: शिक्षणाचं काम बघणारी. सल्ला: हिशेब बघणारा (तरतूद आहे का) आणि त्या तळावरची जुनी शिक्षिका. कळवायचं: चौघं आणि कार्यालय. सल्ला घेणं बंधनकारक आहे, ऐकणं नाही. हा फरक यादीच्या वरच ठळक लिहून ठेवा, कारण पहिलं भांडण यावरूनच होतं. ‘मला विचारलं, पण माझं ऐकलं नाही’ अशी तक्रार आली की यादीवर बोट ठेवता आलं पाहिजे.

पैशाच्या मर्यादा याच यादीत घाला. सव्वा कोटीच्या संस्थेला साधारण असा जिना बसतो: ५,००० रुपयांपर्यंत तळावरचा कार्यकर्ता स्वतः; ५०,००० पर्यंत त्या कामाचा मालक, मंजूर अंदाजपत्रकात असेल तर; ५०,००० ते २ लाख चौघांपैकी दोघं, त्यातला एक दुसऱ्या कामाचा; त्यावर आणि अंदाजपत्रकाबाहेरचं काहीही विश्वस्त मंडळ. आकडे तुमच्या सोयीने बदला, पण खालची पायरी फार लहान ठेवू नका. पाचशे रुपयांसाठी सही लागली की लोक चार बिलं एकत्र करून आणतात नाहीतर खिशातून भरतात, आणि दोन्हीमुळे हिशेब बिघडतो.

मालक ठरवता येत नाही असे विषय शेवटी सात-आठच राहतात: वार्षिक अंदाजपत्रक, नवं काम घेणं किंवा जुनं बंद करणं, मोठा देणगीदार स्वीकारणं-नाकारणं, पगाराची रचना, कुणाला कामावरून कमी करणं, चौघांतल्यांचं बदलणं. हे चौघांनी मिळून ठरवायचे. इथं मतदान नको. चारांत दोन-दोन झाले तर अडतं, आणि तीन विरुद्ध एक झालं तर तो एक पुढचे सहा महिने त्या कामाकडं पाठ करतो. सगळ्यांना शंभर टक्के पटेपर्यंत थांबणंही नको, कारण मग सगळ्यात हट्टी माणसाचंच राज्य येतं. मधला मार्ग आहे हरकतीचा. नेदरलँड्समधल्या सोशिओक्रसी नावाच्या पद्धतीचं हेच मूळ आहे, आणि आपल्या तोंडीही ते सहज बसतं: ‘पटतंय का’ असं विचारायचं नाही, ‘यानं संस्थेच्या कामाचं काय नुकसान होईल’ असं विचारायचं. ज्याला नुकसान सांगता येतं त्याची हरकत. ‘मला बरोबर वाटत नाही’ ही हरकत धरायची नाही. तो शेरा, नोंद करायची आणि पुढं जायचं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते एका उदाहरणात बघू. प्रस्ताव: यंदा दुसऱ्या कारखान्याच्या तळावरही शाळा सुरू करायची, साधारण ४० मुलं. फेरी सुरू होते. बचत गटवाल्या मॅडम म्हणतात, आमच्या दोन कार्यकर्त्या त्यात ओढल्या जातील. हे नुकसान आहे का? हो, गटांच्या डिसेंबरच्या बैठका बुडतील. ही हरकत. हिशेबवाले म्हणतात, मला घाई वाटते. काय बिघडेल? सांगता येत नाही. हा शेरा. शिक्षणवाली स्वतःच म्हणते, तिथं शिक्षिका एकच आहे, ती आजारी पडली तर खोप्यांवरची ४० मुलं त्या दिवशी आईबापामागं फडात जाणार. ही हरकत, आणि सगळ्यांत वजनाची. आता दोन्ही हरकती प्रस्तावातच मिसळायच्या: गटाची माणसं वापरायची नाहीत, जवळच्या गावातली बदली शिक्षिका आधी ठरली तरच सुरू करायचं, आणि पहिले पंधरा दिवस चाचणीचे, सोळाव्या दिवशी परत बघायचं. पुन्हा फेरी. हरकत उरली नाही, ठरलं. वीस मिनिटांत होतं. परत बघायची तारीख लिहिली की निम्म्या हरकती तिथंच विरघळतात, कारण लोकांना निर्णयाची भीती नसते, तो कायमचा गळ्यात पडेल याची असते.

एक सूचना कळकळीची. विषय समजून घेणं आणि विषय ठरवणं एकाच बैठकीत उरकू नका. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं ही गोष्ट फार आधी ओळखली. तिथं ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते, पण चर्चेसाठी अभ्यास गट वेगळा बसतो आणि त्यात ठरवायचं काहीच नसतं. तुम्हालाही महिन्यातून एक तास असा ठेवता येईल. ठरवायचं नाही म्हटलं की माणसं मोकळी बोलतात.

आठवड्याची बैठक दीड तासाची. सोमवारी सकाळी साडेदहा ते बारा बरी, कारण शनिवार-रविवारात तळावर काय झालं ते ताजं असतं. कामाची माहिती शनिवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकानं एका पानात लिहून पाठवायची. बैठकीत ती वाचून दाखवायची नाही. सुरुवातीची दहा मिनिटं मागच्या ठरलेल्या गोष्टींची: झालं, नाही झालं, कधी होणार. नंतरची वीस त्या पानांवरच्या प्रश्नांची. मग जास्तीत जास्त तीन निर्णय, पन्नास मिनिटांत. शेवटची दहा मिनिटं आज काय ठरलं ते मोठ्यानं वाचायची, आणि वाचताना कुणी ‘असं नव्हतं ठरलं’ म्हणालं तर तिथंच दुरुस्त करायचं. बैठक चालवणारा महिनाभर एकच ठेवा. दर आठवड्याला बदलला तर कुणालाच सराव होत नाही. टिपणं दुसऱ्यानं घ्यायची. आणि फेरीत सगळ्यांत नवा माणूस आधी बोलेल, सगळ्यांत जुना शेवटी. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीच्यांच्या तोंडी ‘बरोबर आहे’ एवढंच उरतं.

खरी बैठक मात्र बारानंतर, चहाच्या गाड्यावर होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती बंद करता येणार नाही, करूही नका. नियम एवढाच: गाड्यावर ठरलेलं काहीही वहीत आल्याशिवाय ठरलेलं नाही. दोघांनी चहा पिताना ठरवून तिसऱ्याला कामाला लावलं, हे एकदा खपलं की यादीला किंमत उरत नाही.

वेळेचा हिशेब आधीच धरा. पहिलं वर्षभर चौघांपैकी प्रत्येकाचा आठवड्यातला एक दिवस या कामात जातो. तो त्यांच्या आधीच्या कामातून काढून घेतला नाही तर तिसऱ्या महिन्यात माणूस थकतो आणि मग बैठकीला येणं टाळतो. चौघांना मिळून अर्धवेळ मदतनीस द्या किंवा प्रत्येकाचं एकेक काम खाली सोपवा.

पैसे आणि सह्या. इथं सगळ्यात जास्त संस्था अडकतात, आणि तत्त्वाच्या वादापेक्षा मोबाईल नंबरावरून जास्त. एक दिवस बसून यादी करा: कुठल्या खात्याचा ओटीपी कुणाच्या फोनवर जातो? बँक, आयकर पोर्टल, टीडीएस, भविष्य निर्वाह निधी, धर्मादाय आयुक्तालयाचं पोर्टल, स्वयंसेवी संस्थांसाठीचं नीती आयोगाचं दर्पण पोर्टल, कंपन्यांच्या देणग्यांसाठीची सीएसआर नोंदणी, विदेशी देणगीचं पोर्टल असल्यास तेही, डिजिटल स्वाक्षरी कुणाच्या नावाची आणि कधी संपते, संस्थेचं ईमेल, वेबसाइटचं नाव, वीजबिल, गाड्यांची कागदपत्रं. बहुतेक ठिकाणी नव्वद टक्के ओटीपी आण्णांच्या फोनवर जातात. आण्णा नातवाकडं पुण्याला गेले की टीडीएस भरायचा राहतो. संस्थेच्या नावानं दोन सिमकार्डं घ्या, एक हिशेबात आणि एक कार्यालयात, आणि हळूहळू सगळं त्यांवर आणा. याला दीड-दोन महिने लागतात, म्हणून आधी सुरू करा.

बँकेत ‘चौघांपैकी कोणतेही दोन’ अशी सही ठेवा. ‘चौघांच्याही सह्या’ असं कुणी सुचवेल, समानता म्हणून. पण मग एक आजारी पडला की सगळ्यांचे पगार थांबतात. नेट बँकिंगमध्ये भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हे मेकर-चेकर पक्कं हवं. भरणाऱ्याचा पासवर्ड मंजूर करणाऱ्याला माहीत असेल तर मेकर-चेकर नावालाच उरतं, आणि तसंच बऱ्याच ठिकाणी असतं.

कायद्याची बाजू. तुमच्यासारख्या बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली अशा दोन्हीकडं नोंदलेल्या असतात. चौघांचं नेतृत्व हे कायद्याला ठाऊक असलेलं पद नाही. कायद्याच्या नजरेत जबाबदारी विश्वस्त मंडळाचीच राहते. म्हणून चौघांना जे अधिकार मिळतात ते मंडळाच्या ठरावानं मिळतात, आणि तो ठराव नीट लिहिलेला हवा. साधारण असा: ‘दैनंदिन व्यवस्थापनासाठी चार सदस्यांचा व्यवस्थापन गट नेमण्यात येत आहे. सोबत जोडलेल्या निर्णय-यादीप्रमाणे त्यांना अधिकार राहतील. यादीत नसलेला प्रत्येक अधिकार मंडळाकडे राहील. गट दर तीन महिन्यांनी मंडळाला लेखी अहवाल देईल. ही नेमणूक दोन वर्षांसाठी असून त्याआधी मंडळ ठरावाने ती बदलू शकेल.’ ‘यादीत नसलेला प्रत्येक अधिकार मंडळाकडे’ हे वाक्य गाळू नका. ते नसेल तर संकटाच्या दिवशी गट आणि मंडळ दोघंही एकमेकांना म्हणतात, हे तुमचं होतं.

संस्थेची घटना बदलायच्या फंदात शक्यतो पडू नका. ठरावाने भागतं. मात्र घटना काढून एकदा वाचाच. बँक व्यवहार किंवा करार ‘कार्यवाह’च करील असं त्यात लिहिलं असेल तर ठराव त्याच्या विरोधात जाऊन चालणार नाही. त्याचबरोबर परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा. त्यात वारलेल्या विश्वस्तांची नावं अजून असतात, दोन बदल अहवाल मंजुरीविना पडलेले असतात, आणि बँक नव्या सह्या घ्यायला नेमका तोच उतारा मागते. विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत बदल अहवाल द्यायचा असतो. मुदत उलटली असेल तर विलंब माफीच्या अर्जासह द्यावा लागतो. आण्णा रोजच्या कामातून जात आहेत पण विश्वस्त राहणार आहेत ना? मग त्यांच्यापुरता बदल अहवाल लागणार नाही. विश्वस्तपदही सोडणार असतील तर लागेल.

दोन बारकावे सहसा कुणी सांगत नाही. आयकर कायद्यात विश्वस्त आणि त्यांच्या नातेवाइकांना संस्थेतून गैरवाजवी फायदा देण्यावर बंधनं आहेत, आणि त्या यादीत संस्थेचा ‘व्यवस्थापक’, मग त्याचं पदनाम काहीही असो, हाही येतो. म्हणजे आजवर साधे कर्मचारी असलेले तुमचे चौघं उद्यापासून त्या चौकटीत येऊ शकतात. त्यांच्यातल्या एकाच्या भावाची जीप संस्था भाड्यानं घेत असेल तर दर बाजाराइतकाच आहे याचे कागद, तीन कोटेशनं, फाईलला लावून ठेवा. दुसरं, विदेशी देणगी घेत असाल तर तिथल्या प्रशासकीय खर्चाला २०२० पासून २० टक्क्यांची मर्यादा आहे. चौघांचे पगार सरसकट ‘व्यवस्थापन’ म्हणून दाखवलेत तर ती ओलांडायला वेळ लागत नाही. कोण किती दिवस प्रत्यक्ष कामावर असतो याच्या वेळपत्रकाची सवय पहिल्या महिन्यापासून लावा. विदेशी देणगीच्या फॉर्मवर मुख्य कार्यकारी म्हणून नाव मात्र एकच लागतं. ते जो सगळ्यात जास्त दिवस टिकेल असं वाटतं त्याचं द्या आणि तो त्यामुळे मोठा होत नाही हे वहीत लिहा.

आता पूर. पुराच्या दिवशी सामूहिक नेतृत्व गुंडाळून ठेवायचं असतं. पाणी चढत असताना हरकतीची फेरी घेणारी संस्था बोटी शोधत राहते. दरवर्षी १ जूनला चौघांपैकी एकाला पूरप्रमुख नेमा आणि दुसऱ्याला पर्यायी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ला पूरप्रमुखाचा हुकूम सुरू होतो: गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडं, सगळ्यांच्या रजा बंद, एक लाखापर्यंत खर्च एकट्याच्या सहीनं आणि बिलं नंतर. ४३ ला काय काय करायचं ते आधीच लिहून ठेवायचं: चिखली-आंबेवाडीकडं कोण, शिरोळकडं कोण, शाळेत निवारा उघडायचा तर कुणाला फोन. पाणी परत ३९ च्या खाली गेलं की हुकूम संपतो, आपोआप, आणि सात दिवसांत चौघं बसून सगळे निर्णय तपासतात. संपण्याची खूण आधी ठरलेली नसेल तर पूरप्रमुख दिवाळीपर्यंत पूरप्रमुख राहतो.

पूरप्रमुख आणि पर्यायी प्रमुख नदीच्या एकाच बाजूला राहणारे नकोत. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि अलीकडचा माणूस अलीकडं, पलीकडचा पलीकडं अडकला. सह्यांचंही तेच: दोन सह्यांची माणसं दोन बाजूंना पडली तर नेट बँकिंग हाच पूल.

आण्णांबद्दल थोडं स्पष्ट बोलावं लागेल. चौघांची व्यवस्था बहुतेक वेळा चौघांमुळे मोडत नाही. ती ‘आण्णांना विचारून सांगतो’ या वाक्यानं मोडते. हे वाक्य एप्रिलनंतर कार्यालयात किती वेळा ऐकू येतं ते मोजा, तेच खरं मोजमाप. उपाय कोरडे आहेत पण लागू पडतात. आण्णांनी पहिले सहा महिने कार्यालयात येऊ नये, आणि कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्येही असू नये. ग्रुपमध्ये राहून गप्प बसतो म्हणणारे संस्थापक तिसऱ्या दिवशी अंगठा टाकतात, आणि तो अंगठा म्हणजे मंजुरी होते. त्यांची खोली बैठकीची खोली करा, लगेच, पहिल्या आठवड्यात. देणगीदारांचा, तहसीलदार कचेरीतला फोन आण्णांनाच येणार. त्यांनी एकच वाक्य पाठ करावं, ‘ते आता अमुक बघतात, नंबर पाठवतो.’ सल्ला हवा असेल तर जरूर घ्यावा, पण उघड, आणि वहीत नोंद करून: ‘आण्णांचा सल्ला घेतला, निर्णय माझा.’

कागदोपत्री सुद्धा आण्णांना मोकळं करा. कार्यालयाची जागा त्यांच्या मालकीची असेल तर रीतसर भाडेकरार करा, गाडी त्यांच्या नावावर असेल तर संस्थेच्या नावावर घ्या. आजवर घरातल्यासारखं चाललं म्हणून पुढंही चालेल असं धरू नका. पुढची पिढी आण्णा नसते. जागा देणारा वेगळा आणि कारभार बघणारे वेगळे, याचा नमुना कोल्हापुरातच आहे: शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि मदत दिली, पण कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींवर सोपवला. दसरा चौकातून जाताना त्यातल्या काही बोर्डिंगांच्या इमारती आजही दिसतात.

पगार. चौघांचा पगार समान असावा का? माझं मत, जबाबदारीचा भत्ता समान आणि मूळ पगार ज्याचा त्याचा. सगळं समान केलंत तर वीस वर्षं काढलेला माणूस दुखावतो. भत्ताच दिला नाहीत तर चौघं जबाबदारी फुकट वाहतात आणि वर्षभरात ते कुरकुरीतून बाहेर येतं. भत्ता गटात असेपर्यंतच, हे नेमणूक पत्रात लिहा.

तक्रारी. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. ती तुमच्याकडं असेलच. पण तक्रार खुद्द चौघांपैकी कुणाविरुद्ध असेल तर? कायद्यात ‘मालक’ म्हणजे कामाच्या ठिकाणचं व्यवस्थापन, देखरेख आणि नियंत्रण ज्याच्याकडं आहे तो, आणि मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. चौघंही त्या व्याख्येत बसू शकतात. म्हणून स्थानिक समितीचा पत्ता फलकावर लावा आणि वकिलाचं लेखी मत आत्ताच घेऊन ठेवा. इतर तक्रारींसाठी, म्हणजे बढती, बोलणं, वागणूक यांसाठी, चौघांबाहेरचा एक विश्वस्त नेमा. चौघांविरुद्धची तक्रार चौघांकडंच द्यायची असेल तर कुणी देणार नाही.

चौघांतला एक सोडून गेला तर काय, हेही आधी लिहा. तीन महिन्यांची नोटीस, त्याच्या निर्णय-यादीतल्या ओळी दोघांत वाटून, आणि जागा सहा महिन्यांत भरली नाही तर तिघांचाच गट. घाईनं चौथा भरू नका. आणि एखादा चालतच नसेल तर ते सांगायचं काम उरलेल्या तिघांवर टाकू नका, ते करणार नाहीत. रोज एकत्र जेवणाऱ्या माणसांकडून ते होत नाही. तो निर्णय मंडळाचा.

एका परिस्थितीत हे सगळं करूच नका: चौघांपैकी दोघांचं आधीपासून पटत नसेल आणि आण्णा मध्ये होते म्हणून चाललं असेल. यादीनं ते मिटत नाही, उलट भांडणाला ओळ क्रमांक मिळतो. तिथं सरळ एक प्रमुख नेमा आणि निर्णय-यादी तरीही करा.

आणि व्हिजिटिंग कार्ड. चौघांच्या कार्डांवर ‘संचालक’ छापू नका. एकाच संस्थेची चार संचालकांची कार्डं हातात आली की समोरचा साहेब विचारतोच, ‘खरा कोण?’ कामाचं नाव घाला: समन्वयक (शिक्षण), समन्वयक (बचत गट), समन्वयक (हिशेब व प्रशासन), समन्वयक (आपत्ती मदत). खाली संस्थेचा नंबर, स्वतःचा नको. शंभर-शंभरच छापा, कारण वर्षभरात दोघांची कामं अदलाबदल होणार.